मोजणाऱ्या सिस्टर

खोकला आला, शिंक आली किंवा मनापासून हसू फुटलं की लघवीचे दोन-चार थेंब सुटतात. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या कितीतरी बायकांच्या रोजच्या जगण्यातली ही गोष्ट. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर ती शेवटपर्यंत ओठांवर येत नाही. लग्नाला निघताना पाणी कमी प्यायचं, एसटीत बसण्याआधी दोनदा जाऊन यायचं, गडद रंगाची साडी नेसायची, असे उपाय बायकांनी आपसांत शोधून काढलेले असतात. धीर करून कुणी बोललीच, तर ‘वयोमानाने होतं’ एवढं ऐकून परत येते.

मिशिगन विद्यापीठातल्या जॅनिस मिलर यांनी मात्र नेमक्या याच थेंबांना संशोधनाचा विषय केलं. मिलर नर्स प्रॅक्टिशनर. त्यांच्या जोडीला जेम्स अ‍ॅश्टन-मिलर हे शरीरातल्या बलांचा अभ्यास करणारे अभियंते आणि जॉन डीलान्सी हे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. पहिली अडचण मोजण्याची होती. लघवी किती सुटते, हे दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीतच झटपट मोजता येईल अशी साधी पद्धत हवी होती. या गटाने सार्वजनिक स्वच्छतागृहात मिळतो तसला साधा कागदी टॉवेल घेतला. त्याची तिहेरी घडी करून बाईने ती अंगाशी धरायची आणि जोरात खोकायचं. कागदावर ओल उमटते. त्या ओल्या डागाचं क्षेत्रफळ मोजलं की किती लघवी सुटली याचा हिशेब लागतो. १९९८ मध्ये ही चाचणी शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि कागदी टॉवेलला वैद्यकशास्त्रात जागा मिळाली.

त्याच वर्षी दुसरा निबंध आला. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्या आधाराने राहतात. लघवी मध्येच थांबवायची झाली तर आपण याच स्नायूंना आवळतो. ते बळकट व्हावेत म्हणून करायचे व्यायाम जुनेच आहेत, पण त्यांचा गुण यायला काही महिने लागतात. मिलर यांनी वेगळं विचारलं. स्नायू बळकट होण्याची वाट न पाहता, आहे तेवढीच ताकद योग्य वेळी वापरली तर? म्हणजे खोकला येणार असं वाटताच, खोकण्याच्या क्षणभर आधी स्नायू आवळायचे आणि खोकून होईपर्यंत सोडायचे नाहीत. सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या २७ बायकांना त्यांनी हे शिकवलं. सरासरी वय अडुसष्टच्या आसपास. आठवडाभराने पुन्हा कागदी टॉवेल. मध्यम खोकल्याला सुटणारी लघवी सरासरी ९८ टक्क्यांनी कमी झाली होती, खोल खोकल्याला ७३ टक्क्यांनी.

एका आठवड्यात स्नायू काही बळकट होत नाहीत. बदलली होती ती फक्त वेळ साधण्याची कला.

अभ्यास छोटा होता, निवडक बायकांवर होता, आणि ज्यांचे स्नायू बाळंतपणात फाटलेले आहेत त्यांना या युक्तीचा तेवढा उपयोग होईलच असं नाही. तरीही हा निबंध आजवर पुन्हा पुन्हा आधाराला घेतला जातो. औषध कंपनीला त्यात विकण्यासारखं काही नव्हतं, शल्यविशारदाला कापण्यासारखं काही नव्हतं. असा प्रश्न संशोधनाच्या टेबलावर आणायला बायकांशी रोज अर्धा-पाऊण तास बोलणारं माणूस लागतं. पुढे मिलर यांनी बाळंतपणात ओटीभागाला होणाऱ्या इजांचा एमआरआयने अभ्यास केला. अवघड प्रसूती झालेल्या बायकांमध्ये खेळाडूंना होतात तशा हाडाच्या आणि स्नायूंच्या दुखापती सापडल्या. खेळाडूला अशा दुखापतीनंतर सक्तीची विश्रांती मिळते. बाळंतिणीला मात्र सहा आठवड्यांनी ‘सगळं ठीक’ म्हणून घरकामाला मोकळं केलं जातं.

नर्स प्रॅक्टिशनर हा प्रकार आपल्याकडे अजून फारसा ओळखीचा नाही. नर्सिंगच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण घेऊन जी परिचारिका स्वतः रुग्ण तपासते, निदान करते, औषधं लिहून देते, ती नर्स प्रॅक्टिशनर. अमेरिकेत याची सुरुवात १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात झाली. लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातल्या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी हा अभ्यासक्रम काढला. डॉक्टर जिथे पोहोचतच नव्हते तिथे फोर्ड यांच्यासारख्या परिचारिका नाहीतरी सगळं काम करतच होत्या. त्या कामाला शिक्षणाची आणि अधिकाराची जोड द्यायची, एवढाच मूळ विचार. विरोध झालाच, आणि तो नर्सिंगच्या प्राध्यापकवर्गातूनही झाला. नर्सने डॉक्टरकी करायची म्हणजे नर्सिंगशी फारकत, असं त्यांना वाटत होतं. फोर्ड २०२५ च्या जानेवारीत वयाच्या १०४ व्या वर्षी वारल्या. तोवर अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरची संख्या चार लाखांच्या पुढे गेली होती, आणि निम्म्याहून अधिक राज्यांत त्या डॉक्टरच्या सहीशिवाय दवाखाना चालवू शकत होत्या. स्त्री-आरोग्य ही त्यांच्यातली एक स्वतंत्र शाखा आहे.

स्त्रीरोगांच्या क्षेत्रात परिचारिकांशी निगडित संशोधन दोन तऱ्हांचं दिसतं. एक मिलर यांच्यासारखं, जिथे प्रश्नच परिचारिकेचा असतो. दुसऱ्या तऱ्हेत प्रश्न परिचारिकेविषयी असतो: डॉक्टर करतात ते अमुक काम ती तितक्याच सुरक्षितपणे करू शकते का? दुसऱ्या तऱ्हेचे अभ्यास अधिक झाले आहेत. त्यांना पैसा सहज मिळतो, कारण त्यांच्या उत्तरावर कायदे आणि पगार ठरतात.

कॅलिफोर्नियातला अभ्यास याचा ठळक नमुना. तिथल्या कायद्याने पहिल्या तिमाहीतला शोषण पद्धतीचा गर्भपात फक्त डॉक्टरांना करता येत असे. राज्याच्या खास परवानगीने २००७ ते २०११ या काळात नर्स प्रॅक्टिशनर, प्रसूतीचं खास शिक्षण घेतलेल्या नर्स-मिडवाइफ आणि डॉक्टरांचे प्रशिक्षित सहायक म्हणजे फिजिशियन असिस्टंट यांना हे काम शिकवलं गेलं आणि त्यांच्या कामाची तुलना डॉक्टरांशी केली गेली. एकूण ११,४८७ गर्भपात. डॉक्टरांच्या गटात गुंतागुंतीचं प्रमाण ०.९ टक्के निघालं, दुसऱ्या गटात १.८ टक्के.

हे आकडे नुसते ऐकले तर ‘दुप्पट’ हा शब्द डोक्यात घणासारखा बसतो, आणि विरोधकांनी तो वापरलाही. पण अशा अभ्यासात मोजमाप सुरू होण्याआधीच ठरवून ठेवायचं असतं की किती फरक चालेल. इथे ती मर्यादा दोन टक्क्यांची होती. प्रत्यक्ष फरक एका टक्क्याच्याही आत राहिला. सगळ्या मिळून १५२ गुंतागुंतींपैकी गंभीर म्हणाव्यात अशा फक्त सहा. शिवाय एका बाजूला वर्षानुवर्षं हेच काम करणारे डॉक्टर होते आणि दुसऱ्या बाजूला नुकत्याच शिकून तयार झालेल्या बायका-पुरुष. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी राज्याने कायदा बदलला. अभ्यासाचा शेवट कायद्यात होणं ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि भारताच्या संदर्भात ती जरा जास्तच दुर्मीळ ठरली. त्याकडे पुढे येऊच.

त्याआधी बेळगावला जायला हवं.

बाळ जन्मल्यानंतर वार पडते आणि गर्भाशय आवळून रक्तवाहिन्यांची तोंडं बंद करतं. ते आवळलं नाही तर बाई तासा-दोन तासांत रक्त जाऊन दगावू शकते. त्यासाठी दवाखान्यात ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. पण ते थंड ठेवावं लागतं आणि टोचायला प्रशिक्षित माणूस लागतं. घरी, उपकेंद्रात, दिवे गेलेल्या रात्री काय करायचं? मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी तोंडावाटे घेता येते, साध्या तापमानाला टिकते. ती काम करते का, हे बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर तपासायचं ठरवलं. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५, जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांचा परिसर, १,६२० बाळंतिणी. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी, पण औषध नसलेली पोकळ गोळी. कुणाला काय मिळालं हे देणारीलाही ठाऊक नाही.

देणाऱ्या होत्या २५ एएनएम. ज्यांना गावात नर्सबाई म्हणतात, ज्या लसीचा डबा खांद्याला लावून वाडीवस्ती फिरतात, त्या सिस्टर. प्रसूती त्यांनी केली, गोळी त्यांनी दिली आणि रक्तही त्यांनीच मोजलं.

मोजण्याचा हा भाग नीट बघण्यासारखा आहे. रक्त किती गेलं हे नजरेने ठरवलं तर अंदाज हमखास कमी येतो. चादरीत मुरलेलं, बादलीत पाण्याबरोबर मिसळलेलं रक्त डोळ्यांना फसवतं. बेळगावच्या अभ्यासात बाळंतिणीच्या कमरेखाली प्लास्टिकची एक चादर अंथरली जाई. तिचं खालचं टोक निमुळत्या पिशवीसारखं होतं आणि त्या पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा होत्या. पाचशेची खूण ओलांडली की अतिरक्तस्राव. वाद नाही, अंदाज नाही. तीन वर्षं या बायकांनी रात्री-अपरात्री या खुणा वाचून वहीत उतरवल्या.

२००६ मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले. पोकळ गोळी घेतलेल्यांत अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्के होतं, खरी गोळी घेतलेल्यांत ६.४ टक्के. एक लिटरच्या वरचा जीवघेणा रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. दर अठरा बायकांना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळत होता. काहींना थोडा वेळ हुडहुडी भरली आणि ताप आला, तोच काय तो त्रास. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिरक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली, आणि घरी होणाऱ्या प्रसूतींसाठी ती आधीच गावात पोहोचवून ठेवायचे मार्गदर्शक नियम भारत सरकारने २०१३ मध्ये काढले.

खुणांच्या चादरीची गोष्ट तिथे संपली नाही. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांपैकी काहींत अशाच चादरीने रक्त मोजायचं, आणि ठरावीक खूण ओलांडताच मालिश, औषधं, सलाईन आणि तपासणी हे सगळे उपाय एकामागून एक न करता एकदमच सुरू करायचे, असा मोठा अभ्यास झाला. त्यात दोन लाखांहून अधिक बाळंतिणींचा समावेश होता आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एक लिटरपेक्षा जास्त रक्तस्राव, त्यासाठी करावी लागलेली शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. खुणांची चादर नसलेल्या रुग्णालयांत जवळजवळ निम्म्या अतिरक्तस्रावांची वेळेत नोंदच झाली नव्हती. ती असलेल्या रुग्णालयांत शंभरातले त्र्याण्णव पकडले गेले. हे काम मुख्यतः मिडवाइफ करत होत्या.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची गोष्टही अशीच आहे, आणि तिचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला. तपासणी अगदी साधी. तीन ते पाच टक्के अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरातलं व्हिनेगर, कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि प्रखर उजेडात बघायचं. बदललेल्या पेशींचा भाग पांढरट दिसतो. प्रयोगशाळा नको, सूक्ष्मदर्शक नको. हवी ती शिकलेली नजर. ही नजर परिचारिकांना तीन-चार आठवड्यांत देता येते का, आणि आली तर बायकांचे जीव वाचतात का?

तामिळनाडूतल्या दिंडीगुल जिल्ह्यात २००० मध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने होकार दिला. तिथे परिचारिका डाग ओळखण्यावर थांबल्या नाहीत. डाग दिसला की त्याच भेटीत त्यांनीच दुर्बिणीने पाहणी केली, तुकडा काढला, आणि योग्य असेल तिथे अतिशीत उपचाराने बिघडलेल्या पेशी गोठवून नष्टही केल्या. तिशी ते साठीच्या दरम्यानच्या बायकांमध्ये कर्करोगाचं प्रमाण २५ टक्क्यांनी आणि मृत्यूंचं ३५ टक्क्यांनी कमी झालं. एवढं स्वातंत्र्य परिचारिकेला देणारा दुसरा मोठा भारतीय अभ्यास शोधावा लागेल.

उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातला अभ्यास आकाराने आणखी मोठा. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगांची नोंदवही ठेवली होती. देशातली खेड्यांसाठीची अशी ती पहिलीच. त्या भरभक्कम पायावर १,३१,७४६ बायकांचा अभ्यास उभा राहिला. गावांचे चार गट केले: एका गटात या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगरची, चौथ्यात नेहमीची सेवा. प्रशिक्षित नर्स-मिडवाइफनी गावोगाव तपासण्या केल्या आणि नमुने घेतले. आठ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा चौथ्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते, एचपीव्हीच्या गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीचा हा परिणाम. व्हिनेगरच्या गटात मात्र मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही. दिंडीगुलमध्ये दिसलेला फायदा इथे का दिसला नाही, यावर तज्ज्ञांचा खल अजून चालू असतो. दिंडीगुलमध्ये नजर आणि उपचार एकाच हातात होते, या गोष्टीला त्या चर्चेत जरा जास्त वजन द्यायला हरकत नाही.

मग मुंबई. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांवर व्हिनेगर तपासणीचा अभ्यास केला. तपासणाऱ्या परिचारिकाही नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, महिनाभर प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांनंतर मृत्यूंमध्ये ३१ टक्के घट दिसली. तुलनेसाठी ज्या बायकांची तपासणीच केली नाही, त्यांच्याबाबत हे न्याय्य होतं का, असा आक्षेप परदेशी आणि भारतीय अभ्यासकांनी घेतला, आणि तो आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण वस्तीतली बाई वस्तीतल्या बायकांना तपासू शकते, यावर तरी या अभ्यासानंतर वाद उरला नाही.

एवढा पुरावा या देशात, या मातीत तयार झाला. आणि त्याचं पुढे काय झालं? केंद्र सरकारने २०१६ मध्ये तिशी ते पासष्ट वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगर तपासणी करण्याची चौकट आखली. तपासणाऱ्यांत परिचारिका आणि एएनएम यांची नावं होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, तीस ते एकोणपन्नास वयोगटातल्या बायकांना विचारलं की तुमची अशी तपासणी कधीतरी झाली आहे का. ‘हो’ म्हणणाऱ्या दोन टक्केही नव्हत्या.

गर्भपाताच्या बाबतीत तर कायद्याचंच दार बंद आहे. बिहार आणि झारखंडमधल्या दवाखान्यांत पॉप्युलेशन कौन्सिल या संस्थेच्या संशोधकांनी परिचारिकांना हाताने चालणाऱ्या निर्वात नळीची पद्धत शिकवून त्यांच्या कामाची डॉक्टरांशी तुलना केली. सुरक्षितता आणि यश दोन्हींत परिचारिका कमी पडल्या नाहीत. २०१४ मध्ये गर्भपात कायद्याच्या दुरुस्तीचा जो मसुदा लोकांपुढे ठेवला गेला, त्यात परिचारिकांना ही परवानगी द्यायची तरतूद होती. डॉक्टरांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. २०२१ मध्ये दुरुस्ती प्रत्यक्षात आली तेव्हा गर्भपाताची मुदत वाढली, पण करणारे हात डॉक्टरांचेच राहिले. शेजारच्या नेपाळने परिचारिकांना हे काम देऊन बरीच वर्षं झाली. डॉक्टरांचं म्हणणं अगदीच निराधार आहे असंही नाही. अर्धवट शिकलेल्यांच्या हाती बायकांचे हाल होतील, ही भीती आपल्याकडच्या खेड्यांचा अनुभव असलेल्या कुणालाही समजते. पण त्या भीतीवरचा उतारा म्हणजे चांगलं प्रशिक्षण आणि कडक तपासणी. ज्या गावात डॉक्टर येतच नाही, तिथे बंदीचा अर्थ बाईने भोंदूकडे जावं एवढाच होतो.

परिचारिकेचा प्रश्न आणि परिचारिकेविषयीचा प्रश्न, यांतला पहिला भारतात जवळजवळ विचारलाच गेलेला नाही. तो विचारला असता तर काय हाती लागलं असतं, याची चुणूक गडचिरोलीने फार आधी दाखवली होती. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता, सरासरी एकीला तीनाहून जास्त. त्यांपैकी याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या आठ टक्के. तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असंच सरकार आणि संशोधक दोघंही धरून चालले होते. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, अंग बाहेर येतं, या तक्रारी गावातल्या प्रत्येक नर्सबाईने वर्षानुवर्षं ऐकल्या होत्या. त्या तिने कुठे लिहाव्यात, असा रकाना तिच्या रजिस्टरमध्ये नव्हता.

तीस वर्षांनी बीडमध्ये त्या रिकाम्या रकान्याची किंमत दिसली. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जातात, अशा बातम्या आल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत जवळपास १४ हजार जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कारणं अनेक होती: कामावर खाडा झाला तर मुकादम कापून घेत असलेली मजुरी, फडावर पाणी आणि आडोसा नसणं, खासगी दवाखान्यांनी घातलेली कर्करोगाची भीती. पण यातल्या पुष्कळ बायका पहिल्यांदा दवाखान्यात गेल्या त्या पांढरं जाणं, पोटात दुखणं, पाळीचा त्रास अशा तक्रारींसाठी. ज्यावर गोळ्यांनी, स्वच्छतेने, नीट तपासणीने उपाय होऊ शकतो अशा तक्रारी. उपकेंद्रात त्या तपासून उपचार करण्याचं शिक्षण आणि अधिकार असलेली परिचारिका असती, तर यातल्या किती पिशव्या वाचल्या असत्या? असा अभ्यास अजून झालेला दिसत नाही. तो करायला मराठवाड्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

पदव्यांच्या बाजूने काही हालचाल आहे. तेलंगणाने २०१७ मध्ये हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलच्या मदतीने मिडवाइफरीचं दीड वर्षाचं प्रशिक्षण सुरू केलं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने देशभरासाठी धोरण जाहीर केलं आणि ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हे नवं पद आलं: सर्वसाधारण, धोका नसलेली प्रसूती स्वतःच्या जबाबदारीवर करणारी परिचारिका. त्याला आधार होता परदेशांतल्या प्रयोगांचा. लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या प्राध्यापक जेन सँडल स्वतः मिडवाइफ आहेत. एकाच मिडवाइफने किंवा मिडवाइफच्या एका गटाने गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत सोबत केली तर काय होतं, याच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा त्या आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं घेत आले आहेत. २०२४ च्या आवृत्तीत अठरा हजारांहून अधिक बायकांची माहिती आहे. अशा सोबतीत नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण साधारण ६६ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर जातं. बहुतेक प्रयोग श्रीमंत देशांतले, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. खासगी रुग्णालयांत निम्म्याच्या आसपास बायकांची सिझेरियन होणाऱ्या आपल्या देशात हेच प्रमाण किती हलेल, हे इथेच मोजावं लागेल. २०२३ मध्ये संसदेने नर्सिंग आणि मिडवाइफरीसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यामुळे या पदांना एक नियामक चौकट तरी मिळाली.

महाराष्ट्रातल्या उपकेंद्रांवर आता समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. त्यांतले काही नर्सिंगचे पदवीधर, बरेच आयुर्वेदाचे. सहा महिन्यांचं जादा प्रशिक्षण घेऊन आलेले. रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा आणि स्तनाचा कर्करोग यांबरोबर गर्भाशयमुखाची तपासणीही त्यांच्या कामाच्या यादीत आहे. यादीतलं हे शेवटचं काम मागे पडतं, आणि त्याची कारणं अगदी साधी असतात: पडद्याची खोली नाही, तपासणीचं टेबल मोडलेलं, योनीमार्ग उघडण्याचं उपकरण उकळायची सोय नाही, अधिकारी पुरुष असेल तर बायका येत नाहीत. डाग दिसला तरी उपचारासाठी बाईला तालुक्याला किंवा जिल्ह्याला पाठवावं लागतं, आणि मजुरी बुडवून दोनदा-तीनदा जायला ती तयार होईलच असं नाही. बिघडलेल्या पेशी उष्णतेने जाळणारं, बॅटरीवर चालणारं, हातात मावणारं उपकरण आता मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याच्या वापराचे नियम दिले आहेत, आणि प्रशिक्षित परिचारिकांनी ते वापरावं याला त्यांत आडकाठी नाही. एचपीव्हीसाठी नमुना तर बाई स्वतःच घेऊ शकते, पडद्याआड, कुणीही न तपासता. धाराशिवच्या गावांत नर्स-मिडवाइफनी जो पुरावा जमवला त्याचा रोख याच तपासणीकडे होता. आता हे उपकरण आणि हा नमुना घ्यायचं साहित्य उपकेंद्रातल्या कपाटात कधी येतं, आणि ते वापरायची परवानगी कुणाच्या नावाने निघते, एवढंच ठरायचं आहे.